न केलेली सही

संध्याकाळचे सहा वाजले की त्या घरात वाचनाचा तास सुरू व्हायचा, आणि घरातली सगळी माणसं जीव मुठीत धरून बसायची.

जेवणाच्या टेबलावरचा दिवा लागायचा. वडील कामावरून येऊन, हातपाय धुऊन, चष्मा पुसून खुर्चीत बसायचे. समोर मुलगी, मध्ये पुस्तक. आई ओट्यापाशी भाजी चिरायची, पण सुरीचा आवाज होऊ नये म्हणून इतकी सावकाश, की तासाभरात एक भाजी चिरून व्हायची नाही. वडिलांची थोरली बहीण, आक्का, इस्पितळाच्या लाँड्रीत काम करायची आणि खालच्याच मजल्यावर राहायची. ती रोज चहाला वर यायची आणि कप हातात धरून खिडकीशी गप्प बसायची.

"हं, कर सुरुवात," वडील म्हणायचे.

मुलगी नववीत होती. लहानपणी ती इतकी बडबड करायची की आईने तिचं नाव टिटवी पाडलं होतं. बडबड कधीच आटली, नाव तेवढं राहिलं.

"समु... समुद्... समुद्राच्या..."

"पुढे."

"पा... पाण्याची... वा... वाट..."

"वाट? वाट कुठे लिहिलंय? नीट बघ!"

"वाफ," टिटवी म्हणायची. ते तिने वाचलेलं नसायचं, बाबांच्या आवाजावरून ताडलेलं असायचं.

"अंदाजपंचे चालणार नाही! अक्षर बघ, अक्षर!"

अक्षरं बघणं हाच वडिलांचा पेशा. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका मोठ्या छापखान्यात ते बावीस वर्षं प्रुफं तपासत होते. कुठे वेलांटी चुकली, कुठे अनुस्वार गळला, की तो नेमका त्यांच्या पेन्सिलीखाली यायचाच. छापखान्यातले लोक त्यांना शुद्धराव म्हणायचे, थोडं थट्टेने, थोडं धाकाने. अशा माणसाच्या मुलीला पंधराव्या वर्षी 'वाट' आणि 'वाफ' यांतला फरक दिसू नये! तिथे त्यांचा जीव जळायचा.

ते वाईट बाप नव्हते, हे आधीच सांगायला हवं. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. ती तापाने फणफणली तर रात्रभर उशाशी बसणारे ते. त्यांना मनापासून वाटायचं, की पोरगी हुशार आहे पण आळशी आहे, आणि आळसाला सराव हेच औषध. सहावीत रोज अर्धा तास, सातवीत पाऊण तास, नववीत एक तास. औषध लागू पडत नव्हतं म्हणून ते मात्रा वाढवत होते. औषधच चुकलंय, अशी शंका या चुका शोधणाऱ्या माणसाला एकदाही आली नाही.

शाळेत टिटवीने स्वतःचे मार्ग काढले होते. भाषेच्या तासाला बाकांच्या क्रमाने एकेकाने उठून परिच्छेद वाचायचा असे. ती पुढची मुलं मोजायची, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते हेरायची, आणि शेजारणीकडून तो कुजबुजत दोनदा ऐकून घ्यायची. दोनदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. मग पुस्तक डोळ्यांसमोर नीट धरून ती तो घडाघडा म्हणायची.

एक दिवस सरांनी मध्येच क्रम बदलला. वाचायचा होता चौथा परिच्छेद, टिटवीने म्हणायला घेतला सातवा. वर्ग एवढा हसला, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

"काय गं, पुस्तकात बघतेस की छताकडे?" सर म्हणाले.

त्या दिवसापासून मुलं तिला 'टेपरेकॉर्डर' म्हणू लागली. घरी तिने यातलं अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर वाचनाचा तास दीड तासावर गेला असता.

त्या वर्षी शाळेत शास्त्राच्या नव्या बाई आल्या. वर्षभराच्या करारावर आलेल्या, अंगाने किरकोळ, चालणं मात्र झपझप. पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना टिटवीचा कागद त्यांच्या हाती आला. तीन ओळी, त्यांत अकरा चुका, बाकी कोरा. बाईंना आश्चर्य वाटलं. वर्गात प्रश्न विचारला की सगळ्यांत आधी हीच मुलगी पुटपुटायची, आणि बरोबर पुटपुटायची. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि त्याच चाचणीचे प्रश्न एकेक करून तोंडी विचारले. टिटवीने दहाही प्रश्नांची उत्तरं दिली.

"मग हे लिहिलं का नाहीस?"

टिटवी नखं कुरतडत राहिली. मग म्हणाली, "प्रश्न काय आहेत ते कळेपर्यंत घंटा झाली."

"अक्षरं हलतात का गं तुला?"

"सगळे तेच विचारतात. हलत नाहीत बाई. पण मी एक शब्द जुळवते ना, तोवर मागचा निसटतो. ओळीच्या शेवटी पोचते तेव्हा सुरुवात काय होती, ते हाताला लागतच नाही."

बाईंनी तिचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, त्यावर गुण लिहिलेच नाहीत.

दुसऱ्या आठवड्यापासून शास्त्राच्या तासाला काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या. टिटवीची प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापलेली असे. एका जाड कागदाला बाईंनी चौकोनी खिडकी कापली होती. ती पानावर ठेवली की एका वेळी एकच ओळ दिसे. चाचणीत पंधरा मिनिटं जास्त. लांब उत्तर असेल तर ते फोनवर बोलून द्यायचं, बाई ते नंतर ऐकून तपासणार. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बाईंच्या जुन्या फोनमधली सोय. धड्याचा फोटो काढला, इअरफोन कानात घातला, की फोन तो धडा वाचून दाखवायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा टिटवीने इअरफोन काढून बाईंना विचारलं, "हे सगळं या एका पानात होतं?"

सहामाहीत शास्त्रात ती वर्गात दुसरी आली. बाकी विषयांत जेमतेम, दोन विषयांत नापास. प्रगतीपुस्तक बघून वडिलांनी पेनने शास्त्राच्या गुणांवर टकटक केलं आणि म्हणाले, "बघितलंस? मनात आणलं की जमतं. म्हणजे मनातच आणत नाहीस!"

त्यानंतर आठवड्याभरात, एका संध्याकाळी बरोबर सहाच्या सुमाराला, शास्त्राच्या बाई घरी आल्या. त्यांच्या हातात एक अर्ज होता.

आईने चहा ठेवला. आक्का खिडकीशी सरकून बसली. टिटवी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाईंनी पाल्हाळ लावलं नाही.

"तुमची मुलगी हुशार आहे. तिला बहुतेक डिस्लेक्सिया आहे. म्हणजे वाचण्यातली अडचण. बुद्धीशी तिचा काही संबंध नाही. तज्ज्ञांकडून तपासून दाखला घ्यायचा, हा अर्ज भरायचा, की सगळ्या विषयांना सवलत मिळते. जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणारं यंत्र, उत्तर सांगून लिहून घ्यायची सोय. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. महिनाअखेरची मुदत आहे."

वडिलांनी अर्ज हातात घेतला. सवयीने आधी त्यातली एक छपाईची चूक त्यांच्या नजरेत भरली. मग ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिला वर्गात फोन देता?"

"हो. धडा ऐकायला."

"फोन वाचणार, फोन लिहून घेणार. मग ही काय करणार? बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. याला आमच्यात कॉपी म्हणतात!"

"धडा समजून घेणार ती. विचार करणार ती. उत्तर तिचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही चष्मा लावून प्रुफं तपासता, तेव्हा चुका चष्मा शोधतो का?"

"चष्म्याची गोष्ट वेगळी. उद्या नोकरीत हिला कोण वाचून दाखवणार?"

"हेच यंत्र दाखवेल. आणि वाचायला शिकवणं आपण सोडत नाही आहोत. अशा मुलांना शिकवायची वेगळी पद्धत असते, ती सावकाश चालूच राहील. पण तिचं वाचन सुधारेपर्यंत शास्त्राने, इतिहासाने, भूगोलाने का खोळंबून राहायचं? कागदावरून डोक्यात जायची तिची वाट अरुंद आहे, कानाची वाट हमरस्त्याएवढी आहे. आपण तिला रोज त्या बोळात उभं करतो आणि पळ म्हणतो."

आईने मान वर केली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

पण वडील उठून उभे राहिले होते. "हा दाखला म्हणजे मुलीच्या कपाळावर शिक्का! आयुष्यभर पुसला जाणार नाही. आमच्या घरात असलं कुणी नाही बाई. माझे आजोबा, माझे वडील, सगळे वाचणारे. आमच्या रक्तात नाही हे."

खिडकीशी आक्काच्या हातातला कप बशीवर किणकिणला. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"बाबा," दारातून टिटवी म्हणाली, "मला शिक्का चालेल."

"तू आत जा!"

ती आत गेली. बाई अर्ज टेबलावर ठेवून उठल्या. दाराशी त्या आईला एवढंच म्हणाल्या, "मुदत लक्षात ठेवा."

आईने त्या रात्री आपली सही केली आणि अर्ज खणात ठेवला. राग शांत झाला की हे करतील, असं तिला वाटलं. रोज ती खण उघडून बघायची. दुसऱ्या सहीची जागा कोरीच होती. तिने एकदा विषय काढला, एकदाच. पुन्हा काढला नाही, आणि ती चूक आपलीही होती, असं ती नंतर स्वतःच सांगायची.

वडिलांनी मात्र एक काम तातडीने केलं. त्यांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. वर्गात विद्यार्थिनीला फोन दिला जातो, परीक्षेच्या बाबतीत भेदभाव केला जातो, शिस्त बिघडते. दोन पानी पत्र, सुवाच्य अक्षर, आणि त्यात एकही चूक नव्हती.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"दाखला नाही, अर्ज नाही, आणि पालकांचीच तक्रार! हे सगळं आजपासून बंद. नियम सगळ्यांना सारखा."

"सर, सगळ्यांना एकाच मापाचे बूट दिले तर त्याला सारखेपणा म्हणायचं का? तिच्या पायात ते जातच नाहीत. ती अनवाणी चालतेय."

"तुमचा करार वर्षअखेरपर्यंतच आहे ना?" मुख्याध्यापकांनी पत्राला टाचणी लावत विचारलं.

फोन कपाटात गेला. मोठ्या अक्षरांचे कागद बंद झाले. खिडकी कापलेला जाड कागदसुद्धा परीक्षेच्या दालनात न्यायला मनाई झाली. टिटवीने कुणाला का म्हणून विचारलं नाही. तिने फक्त वर्गात पुटपुटणं सोडून दिलं.

वार्षिक परीक्षेत शास्त्राच्या पेपरला ती पाचव्या प्रश्नापर्यंत पोचली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि उरलेला वेळ पर्यवेक्षकांच्या बुटांकडे बघत बसली. कागदावर बैठक क्रमांक लिहिला होता, त्यातलेही दोन आकडे उलटसुलट झाले होते. निकाल लागला. सातपैकी पाच विषयांत नापास. पुन्हा नववीत बसा नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा, असं शाळेने कळवलं.

टिटवी रडली नाही. तिने सगळी पुस्तकं एकावर एक रचली, सुतळीने बांधली आणि दाराबाहेर ठेवली.

"मी आता जाणार नाही," ती म्हणाली.

"सुट्टी संपली की डोक्यातून जाईल हे," वडील आईला म्हणाले.

त्याच सुट्टीतली ही गोष्ट. वडील छापखान्यातून जरा लवकर आले. दार उघडंच होतं. जिन्यातच त्यांना आतून एका मुलीचा आवाज ऐकू आला. खणखणीत, ठाम आवाज. ती हृदयाबद्दल बोलत होती.

"...झडपा एकाच बाजूला उघडतात. मोठ्या लाँड्रीत तसं दार असतं. ढकललं की आपण आत जातो, पण आतून ढकललं तर ते उघडत नाही. म्हणून मळक्या चादरी आणि धुतलेल्या चादरी कधी एकत्र होत नाहीत. हृदयातसुद्धा तसंच. झडप नीट मिटली नाही तर पुढे गेलेलं रक्त मागे येतं, आणि मग हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं. म्हणून ते दमतं..."

वडील दारात थांबून ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाठ्यपुस्तकाच्या प्रुफात हा धडा त्यांनी स्वतः तीन वेळा वाचला होता, पण झडपेचं काम त्यांना आज कळलं!

"कुणाची गं ही मुलगी?" आत येत त्यांनी विचारलं. "काय सुरेख समजावून सांगते!"

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. समोर तिचा फोन होता. ती वळली नाही.

"आपली," ती म्हणाली.

वडिलांना आधी कळलंच नाही.

"आपली टिटवी," आई म्हणाली. "बाईंनी तोंडी परीक्षा घेतल्या होत्या ना, त्यातल्या आहेत या. अशा चौदा आहेत. बाईंचा करार वाढवला नाही शाळेने. जायच्या आधी त्या माझ्या दवाखान्यात आल्या होत्या, मला या देऊन गेल्या. म्हणाल्या, जपून ठेवा."

आई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांची नोंद ठेवायची. चार दिवस ती या चौदा ध्वनिफिती तिथे फावल्या वेळात ऐकत होती, आणि घरी ऐकायचं धाडस तिने त्या दिवशी पहिल्यांदाच केलं होतं.

वडील खुर्चीवर बसले. स्वतःच्या मुलीचा आवाज त्यांनी ओळखला नव्हता! कसा ओळखणार? चार वर्षं त्यांनी तिच्या तोंडून फक्त तुटके शब्द ऐकले होते. रोज एक तास समोर बसून त्यांनी तिच्या चुका ऐकल्या होत्या, तिला कधी ऐकलंच नव्हतं.

"आक्का," खिडकीशी चहा घेत बसलेल्या बहिणीकडे वळून ते म्हणाले, "तू ऐकलंस हे? किती हुशार पोर आहे आपली!"

"मला माहीत आहे," आक्का म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "भाऊ, मला वाचता येत नाही."

"काय?"

"वाचता येत नाही मला. नाव गिरवते, सही करते. त्यापुढे नाही. तू त्या बाईंना म्हणालास, आमच्या घरात असलं कुणी नाही. मी इथेच बसले होते."

वडील खुर्चीतून अर्धवट उठले.

"पण तू... सहावीपर्यंत शाळेत होतीस."

"होते ना. रोज उठबशा काढत होते. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि तू घडाघडा वाचायचास. आपले वडील मला तुझ्यासमोर बसवायचे. म्हणायचे, बघ, शिक जरा धाकट्याकडून. मग त्यांनीच शाळेतून काढलं. डोक्यात बटाटे भरलेत म्हणाले. मला ते खरं वाटलं, भाऊ. पुढची चाळीस वर्षं खरंच वाटत होतं."

"पण तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलू? पत्र आलं की मी वहिनीला म्हणते, चष्मा खाली राहिला, जरा वाच. लाँड्रीत चादरींवर वॉर्डांची नावं लिहिलेली असतात. मी कडेच्या दोऱ्याचा रंग बघते. लाल दोरा ऑपरेशनचा, हिरवा बाळंतिणींचा. मध्यंतरी त्यांनी रंग बदलले, तर मी आठ दिवस आजारी म्हणून घरी पडून राहिले, मग बरोबरीच्या बायकांकडे बघत एकेक रंग नव्याने पाठ केला. मुकादमाची जागा मला तीनदा देऊ केली. तीनदा नको म्हणाले. मुकादमाला वही लिहावी लागते."

ती पहिल्यांदाच एवढं बोलत होती. थांबावंसं तिला वाटत नव्हतं.

"माझा कुणावर राग नाही. माझ्या वेळी वाचून दाखवणारं यंत्र नव्हतं, समजून घेणाऱ्या बाईही नव्हत्या. नशीब म्हणून सोडून दिलं. पण हिच्या वेळी दोन्ही होतं ना! चालत दारात आलं होतं. तू हाकलून दिलंस. शिक्का म्हणालास. अरे, शिक्का तर आधीच बसला होता! आळशी म्हणून, ढ म्हणून. त्या बाई तो पुसायला आल्या होत्या."

मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मीही गप्प बसले. लाज वाटली. त्या दिवशी मी एक शब्द बोलले असते तर..."

वडिलांनी खण उघडला. अर्ज तिथेच होता. आईच्या सहीशेजारी त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "हा गेल्या वर्षीचा. आता नवा नमुना आलाय. दाखल्याशिवाय घेता येणार नाही, आणि तपासणीला चार-पाच महिने नंबर लागत नाही." मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही तुमच्याच पत्राप्रमाणे वागलो." त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांनी बाईंना फोन लावला. बाई दुसऱ्या गावी होत्या. अजून नोकरी मिळाली नव्हती. मुलाखतीला गेलं की आधीच्या शाळेतल्या तक्रारीबद्दल विचारतात, असं त्यांच्या बोलण्यातून निघालं. वडिलांनी माफी मागितली.

"माझं मी बघेन," बाई म्हणाल्या. "तिचं बघा. फक्त एक लक्षात ठेवा, ती लगेच तयार होईल असं धरून चालू नका. तेव्हा ती स्वतः हात पुढे करून उभी होती."

वडिलांनी नवा अर्ज आणला, तपासणीसाठी नाव नोंदवलं, फोनमध्ये वाचून दाखवायची सोय बसवून घेतली. एका सकाळी सगळं टिटवीसमोर ठेवलं.

"मी सही केलीय बाळा," ते म्हणाले. "माझं चुकलं. फार चुकलं. तू म्हणशील तशी मदत घेऊ. पुन्हा नववी कर. मी एक अक्षर बोलणार नाही."

टिटवीने अर्जाकडे बघितलं. इअरफोन उचलून कानात घातला. फोन धडा वाचू लागला. तिने अर्ध्या मिनिटात तो काढून टेबलावर ठेवला.

"थँक्यू बाबा," ती नम्रपणे म्हणाली. "पण नको."

"का गं?"

"तो आवाज पान वाचायला लागला, की मला सहा वाजल्यासारखं वाटतं. मग काही आत जात नाही."

"आधी तर जात होतं!"

"आधी जात होतं," ती म्हणाली.

त्यांनी खूप समजावलं. आईने समजावलं, आक्काने हात जोडले. बाईंनी फोनवर तासभर बोलून पाहिलं. तपासणीचा दिवस आला तेव्हा टिटवी घरातून बाहेर पडली नाही. ती चिडत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती, म्हणून तर तिच्याशी भांडताही येईना. वर्ष गेलं. सोळावं सरलं तेव्हा ती आक्काबरोबर लाँड्रीत जाऊ लागली. चादरींच्या घड्या ती भराभर घालते. दोऱ्यांचे रंग तिने पहिल्याच दिवशी पाठ केले.

शाळेच्या पालकसभेत वडिलांनी बोलायची परवानगी मागितली. त्यांची मुलगी आता शाळेत नव्हती, तरी मुख्याध्यापकांनी पाच मिनिटं दिली. सभागृहात दोनशे पालक होते. वडिलांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. आळशी म्हणाल्याचं, पत्र लिहिल्याचं, स्वतःच्या मुलीचा आवाज न ओळखल्याचं. बोलताना ते दोनदा अडखळले. कुणीतरी घड्याळ बघितलं, मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. मुख्याध्यापकांनी त्यांच्या भावनांबद्दल आभार मानले आणि गणवेशाच्या रंगाचा विषय चर्चेला घेतला.

बाहेर व्हरांड्यात एका बाईने त्यांना गाठलं.

"माझा मुलगा पाचवीत आहे," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. "तोही असंच... तो फॉर्म कुठे मिळतो?"

वडिलांच्या पिशवीत पाच कोरे अर्ज होते. त्यांनी एक तिला दिला. तिने तो चार घड्या करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पुढे तिने तो भरला की नाही, ते त्यांना कधी कळलं नाही. उरलेले चार अर्ज त्यांनी परत घरी आणले.

वाचकहो, ही गोष्ट गोड शेवटाची करता आली असती. पण जिथे असं घडतं तिथे ती बहुतेकदा गोड होत नाही, म्हणून जशी घडली तशी सांगितली. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, शेजारच्या बिऱ्हाडात असं एखादं मूल असेल. ऐकलेलं त्याला पाठ होत असेल आणि वाचायला दिलं की ते पहिल्याच ओळीत अडकत असेल. त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा तोच धडा त्याला वाचून दाखवा, आणि मग प्रश्न विचारा. तो काय म्हणतो, ती काय म्हणते, ते नीट कान देऊन ऐका. थोडा जास्त वेळ, थोडं मोठं अक्षर, वाचून दाखवणारं यंत्र, तोंडी उत्तर द्यायची मुभा. एवढ्याने कुठल्याही दुसऱ्या मुलाचं काही हिरावलं जात नाही. शिक्षकांनो, ही भीक नाही, त्या मुलाचा हक्क आहे. आईवडिलांनो, दाखल्याने कुणाची मान खाली जात नाही, गप्प बसण्याने जाते.

आणि हे आजच करा. टिटवीच्या वडिलांना फक्त सात महिने उशीर झाला होता.